आग्रहाचा माणूस

रंगनाथआप्पा माझ्या गिरणीत येतात तेव्हा दोन पिशव्या घेऊन येतात. एका पिशवीतली बाजरी ते दळून घरी नेतात. दुसऱ्या पिशवीतली बाजरी माझी गिरणी खाते.

थट्टा करत नाही. दर मंगळवारी सकाळी साडेसहाला मी कुलूप काढायला जातो तर आप्पा आधीच पायरीवर हजर. नाकातोंडावर उपरणं बांधलेलं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कुंचा. वय अडुसष्ट. दार उघडलं की ते आत शिरतात आणि डॉक्टर घसा बघतात तशी गिरणीच्या तोंडात बॅटरी मारतात. मग कुंच्यानं सगळी झटकाझटक. मी देवाला उदबत्ती लावायची ती यांची तपासणी झाल्यावर. त्यानंतर एका पिशवीतली दोन किलो बाजरी गिरणीत पडते, तिचं पीठ होतं, आणि ते पीठ आप्पा वेगळं बांधून ठेवतात. ते गाईला. गिरणीच्या पोटात कालच्या गव्हाचा जो काही कण अडकला असेल तो या पिठाबरोबर बाहेर गेला, अशी खात्री पटली की मग दुसरी पिशवी उघडायची. आप्पांची गाय आमच्या गावात सगळ्यात गुटगुटीत आहे, त्याचं कारण हे.

ज्यांनी गिरणी फक्त बाहेरून पाहिली आहे त्यांना सांगतो. कुठलीही गिरणी दळण संपल्यावर मूठ-दोन मुठी पीठ स्वतःजवळ ठेवून घेते आणि ते पुढच्याच्या दळणात सोडते. त्याला गिरणीवाल्याचा इलाज नाही. बायकांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून बाजरीवाली कधी गव्हावालीच्या मागं डबा ठेवत नाही. पण ते चवीसाठी. आप्पांना गव्हाचा कण चालत नाही. कण म्हणजे कणच.

सुरुवातीला त्यांची एकच पिशवी असायची. आदल्या संध्याकाळी मी शेवटचं दळण बाजरीचं घ्यायचं आणि सकाळी पहिला नंबर त्यांचा, एवढ्यावर दोन वर्षं भागलं. दुसरी पिशवी नंतर आली. ती का आली ते पुढं सांगतो, कारण त्यासाठी आधी माणूस समजायला हवा.

अगदी पहिल्यांदा ते मला म्हणाले, "दत्तोबा, तुझ्या गिरनीच्या पोटात गहू हाय," तेव्हा मला भयंकर राग आला होता. मी बावीस वर्षं गिरणी चालवतोय. दगड झिजले की त्यांना टाकीचे घाव मी माझ्या हातानं घालतो. माझ्या पिठाला कुणी नाव ठेवलं की मला ते घरच्या माणसाला नाव ठेवल्यासारखं लागतं.

"मग गिरनीच्या पोटात काय सोनं असनार का?" मी म्हणालो.

"तसं न्हाई रं," आप्पा म्हणाले. "पाटाचं पानी अन् पीठ सारखंच. वरच्या वावरातल्या तनाचं बी खालच्या वावरात येतंच. त्यात वरच्याची चूक नसती, पाटाची बी नसती. खालच्यानं जाळी लावायची असती."

आप्पा मुळा धरणाच्या पाटावर पाटकरी होते. शेतकऱ्यांना कालव्याचं पाणी पाळीनं सोडायचं, हे त्यांचं काम. सायकल, खांद्याला छत्री आणि हातात किल्ली असा हा माणूस एकतीस वर्षं पाटाच्या कडेनं फिरला. स्वतःच्या मेव्हण्याची पाळी त्यांनी कधी तासभर अलीकडं घेतली नाही. मेव्हणा चार महिने बोलत नव्हता. आप्पांचं म्हणणं, त्या चार महिन्यांत ऊस फार चांगला आला. तर असा माणूस एकदा पाळी ठरवून बसला की गिरणीवाल्याचं काही चालत नाही. माझ्या भिंतीवर अजून खडूनं लिहिलेलं आहे : 'मंगळवार सकाळ. आप्पांची पाळी. गव्हानं बाहेर थांबावं.' अक्षर त्यांचंच.

हे सगळं सुरू झालं चार वर्षांपूर्वी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आप्पांची बायको जाऊनही सहा वर्षं झाली होती, मुलगा सुप्याला नोकरीला, घरात सून मंगल आणि आप्पा. धडधाकट माणूस एकाएकी वाळायला लागला. खाल्लेलं अंगाला लागेना. जेवण झालं की पोट ढोलासारखं फुगायचं आणि लगेच तांब्या घेऊन पळायचं. रक्त इतकं कमी झालं की गिरणीच्या तीन पायऱ्या चढायला ते दोनदा थांबत. ओवा झाला, बडीशेप झाली, इसबगोल झालं, सोनईच्या बाजारातून कुणीतरी आणून दिलेलं कसलंसं चूर्ण झालं. ज्याच्या-त्याच्या सांगण्यावरून ज्याचं-त्याचं औषध आप्पा घेत होते आणि प्रत्येकाला 'जरा फरक वाटतोय' असं सांगत होते, कारण सांगणाऱ्याचं मन मोडायचं त्यांच्या जिवावर येई.

शेवटी नगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, दुर्बिणीनं आतडं बघितलं आणि सांगितलं, गहू बंद. पोळी बंद, रवा बंद, मैदा बंद, शेवया बंद. आयुष्यभर.

"आयुष्यभर म्हंजे अंदाजे किती दिवस?" आप्पांनी विचारलं.

"गहू बंद केलात तर बरेच," बाई म्हणाल्या.

गव्हात एक चिकट पदार्थ असतो, ग्लूटेन त्याचं नाव, तो तुमच्या आतड्याला सोसत नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. ते नाव आप्पांच्या तोंडात काही बसलं नाही. त्यांनी त्याचं 'चिकटराव' करून टाकलं. तेव्हापासून आप्पा कुठल्याही ताटाकडं आधी संशयानं बघतात आणि विचारतात, "कोन कोन हाय ह्यात?" आमटीत काय काय घातलंय असं नाही, कोण कोण आहे. जणू आत माणसं दबा धरून बसली आहेत. "डाळ हाय, मसाला हाय, बरं. चिकटराव न्हाई ना लपला कुठं?" आता आमच्या गावात सगळेच असं विचारायला लागलेत. परवा ग्रामपंचायतीत एक नवा ठराव वाचून झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "कोन कोन हाय ह्यात?" आणि सभा दहा मिनिटं थांबली.

गहू सोडल्यावर आप्पा महिन्याभरात टवटवीत झाले. आणि मग पुन्हा बिघडले. पुन्हा पोट, पुन्हा तांब्या. आप्पांनी पाणीचोर शोधावा तसा शोध सुरू केला. पहिला संशय अर्थातच माझ्यावर. त्यांनी गिरणी दोनदा उलगडायला लावली. मग मंगलवर, तिची परात, पोळपाट, तवा सगळं वेगळं झालं. मग शेजारच्या शब्बीरभाईंच्या कोंबड्यांवर, कारण त्या गहू खाऊन आप्पांच्या ओट्यावर येत. शब्बीरभाई बिचारे आठवडाभर कोंबड्या कोंडून बसले. पोट काही ऐकेना. जितकं पोट दुखे तितका आप्पा ताकात हिंग घालून पीत. दिवसातून तीन वेळा, चांगला सढळ हातानं.

एका दुपारी ते हिंगाची डबी आणि भिंग घेऊन गिरणीत आले. माझ्या हातात डबी दिली आणि म्हणाले, "वाच. बारीक अक्षर हाय खाली. मी वाचलं, पन माझा इश्वास बसंना."

मी वाचलं. हिंग, डिंक आणि गव्हाचं पीठ.

आप्पा पोत्यावर बसले. म्हणाले, "म्हंजे चोराला मीच रोज तीनदा ताक पाजत हुतो."

त्या दिवशी ते शब्बीरभाईंच्या घरी गेले आणि कोंबड्यांच्या खुराड्यासमोर उभं राहून त्यांनी रीतसर माफी मागितली. शब्बीरभाईंची नाही, कोंबड्यांची. शब्बीरभाई हसून हसून खाली बसले. तेव्हापासून ईदला त्यांच्याकडून आप्पांना शीरखुर्म्याऐवजी तांदळाची फिरनी येते, वेगळ्या पातेल्यात शिजवलेली.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की म्हातारा जन्माचाच किरकिरा असेल. उलट आहे. पंचक्रोशीत हा माणूस ओळखला जायचा तो आग्रहासाठी.

लग्न कुणाचंही असो, वाढायला आप्पा असायचेच. पंगत संपत आली, लोक ढेकर द्यायला लागले की आप्पा जिलबीचं ताट घेऊन शेवटच्या फेरीला निघत. ते दिसले की माणसं ताटावर दोन्ही हात आडवे धरत. आप्पा जराही न थांबता जिलबी त्या हातांवर वाढत. "न्हाई न्हाई, पुरे," असं कुणी म्हणालं की त्यांना जोर चढे. मग ठेवणीतलं हत्यार बाहेर येई : "माझी आन हाय. एवढी एक." ती एक कधीच एक नसे. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात त्यांनी मला अकरा जिलब्या खायला घातल्या. वरात निघाली तेव्हा मी मंडपामागं तांदळाच्या पोत्यांवर उताणा पडलो होतो आणि फोटोत मी कुठंच नाही. ती नवरी, माझी वहिनी, अजून विचारते, लग्नाला आला होतास ना नक्की?

मी एकदा त्यांना विचारलं होतं, माणसाला एवढं का छळता? ते म्हणाले, "ल्हानपनी आमच्याकडं पाव्हना आला की माय भाकरीचा चतकोर हातात धरून इचारायची, 'वाढू का?' त्यानं न्हाई म्हनावं म्हनून. त्यो न्हाई म्हनला की तिचं त्वांड उजळायचं. ते मी बघितलंय दत्तोबा. मग पाट आला, गहू आला. तवाच ठरवलं, आपन वाढायला लागलो तर समोरच्याला न्हाई म्हनू द्यायचं न्हाई."

अकरा जिलब्या मला तेव्हा पचल्या.

गहू बंद झाल्यावर गावानं आप्पांवर सूड उगवला, तोही प्रेमानं. आता ते पंगतीत बसले की लोक त्यांना आग्रह करायचे. "एवढ्याशानं काय हुतंय आप्पा? एक घास!" आप्पा म्हणत, "एवढ्याशानंच तर हुतंय." ते लग्नाला स्वतःचा डबा घेऊन जायला लागले. पंगत चुकवायची नाही. रांगेत मांडी घालून बसायचं, समोर पत्रावळ घ्यायची आणि तिच्यावर आपल्या डब्यातली भाकरी-भाजी मांडायची. सुरुवातीला यजमानांना ते लागलं. आमच्या घरचं चालत नाही का, असं एकानं तोंडावर विचारलं. आप्पा सोवळं पाळायला लागले, अशीही कुजबुज झाली. त्यावर त्यांनी तोडगा काढला. पत्रावळीवर मीठ वाढायला आलं की आप्पा हात पुढं करतात. "मीठ तुमचं. कांदा-लिंबू तुमचं. पानी तुमचं. आता मी तुमच्या घरी जेवलो का न्हाई?" आता यजमान स्वतः मिठाची वाटी घेऊन त्यांच्यासमोर येतो. गेल्या उन्हाळ्यात एका नवरीच्या बापानं मीठ वाढताना त्यांच्या पाया पडलेलं मी पाहिलं. आजारपण माणसाला घरात कोंडून ठेवतं. आप्पांनी आजार डब्यात घातला आणि ते सगळ्या गावात हिंडले. मला त्यांचं हेच कौतुक वाटतं.

आणि स्वतः काही खात नसले तरी शेवटची फेरी त्यांचीच होती. हाताला उपरणं गुंडाळून ते जिलबी वाढत.

आता दुसऱ्या पिशवीकडं येतो.

दोन वर्षांपूर्वी आप्पांना तपासणीला मी माझ्या गाडीतून नगरला नेलं होतं. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. रक्त चांगलं वाढलं होतं, बाई खूश होत्या. कागद लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "तुम्हाला भावंडं किती?"

"एक थोरली बहीन. देवळाली प्रवऱ्याला दिलीया."

"त्यांना पोटाचा त्रास?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "पहिल्यापासनं बारीकच हाय म्हना ती. खान्यापिन्यात लई नखरा. पोळी नको म्हनती, भाकरीच लागती तिला. आमी चेष्टा करतो तिची, की..."

इथं ते थांबले.

बाईंनी मान वर केली. "हा आजार भावंडांत असू शकतो. मी मागंही म्हणाले होते. त्यांचं रक्त तपासून घ्या."

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. घोडेगावला चहाला थांबलो. चहा पुढ्यात गार झाला. मग त्यांनी मला विचारलं, "दत्तोबा, भाऊबीजेला मी आक्काला किती पोळ्या घालायचो रं?"

मला उत्तर माहीत होतं, सगळ्या आळीला माहीत होतं. तीन. भाऊबीजेला आक्का माहेरी यायच्या आणि आप्पा त्यांना स्वतःच्या हातानं पुरणपोळी वाढायचे. पहिली मायची. दुसरी आबांची, म्हणजे वडलांची. तिसरी माझी. बाजरीची भाकरी बहिणीच्या ताटात दिसता कामा नये, असा त्यांचा हुकूमच होता. पाटाचा गहू घरात आला त्या वर्षापासूनचा. आक्का दोन्ही हात ताटावर आडवे धरायच्या, "पुरे रं रंगा, न्हाई जात," म्हणायच्या. आप्पा हातांवर वाढायचे. तिसरीला आण घालायचे. आणि आम्ही सगळे हसायचो. मीही हसलोय.

"तीन," मी म्हणालो.

"हं," आप्पा म्हणाले. चहा त्यांनी प्यायला नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही देवळालीला गेलो. आक्का तेव्हा एकाहत्तरच्या होत्या. हात काटकीसारखे, उठताना भिंत धरावी लागायची. आप्पांनी बसायच्या आधी आक्कांच्या सुनेला विचारलं, दिवाळीहून आल्यावर आक्काची तब्येत कशी असते?

सून म्हणाली, "आत्या दरसाल आठ दिवस अंथरून धरत्यात. यंदा बी धरलं. पोटात काय ठरत न्हाई. आमाला वाटतं, म्हायेर सुटल्यामुळं."

म्हणजे एवढी वर्षं त्या घरात सगळ्यांची अशी समजूत होती की आक्कांना भावाची आठवण आजारी पाडते. आक्कांनी ती समजूत मोडली नव्हती.

आक्का मेथी निवडत बसल्या होत्या. आप्पा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "आक्का, तुला पोळी सोसत न्हाई, हे तुला ठावं हुतं?"

"ठावं म्हंजे काय. खाल्ली की पोट बिघडायचं. भाकरी खाल्ली की बरं असायचं."

"मग तू बोलली का न्हाईस?"

आक्कांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "वर्सातनं एकदा भाऊ हातानं वाढतोय. त्यो काय इख वाढतोय व्हय?"

आप्पा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ गोठ्यापाशी उभे राहिले. आक्का मला म्हणाल्या, "ह्याला आता काय झालं?"

रक्ताचा रिपोर्ट आला. तोच आजार. आक्कांचा गहू बंद झाला.

पुढच्या मंगळवारी आप्पा दोन पिशव्या घेऊन गिरणीत आले. एक गिरणी साफ करायला, एक दळायला, आणि दळायची पिशवी आधीच्या दुप्पट. मी म्हणालो, आप्पा, दोन वर्षं एका पिशवीवर भागलं, आता हे कशाला?

"माझं भागलं रं," ते म्हणाले. "माझ्या पोटात कन गेला तर दोन दिस पळंन, तिसऱ्या दिशी तुझ्या पायरीवर हाय. पन आक्काच्या पोटात आता एक कन जाऊ द्यायचा न्हाई. लई घातलेत मी."

तेव्हापासून दर मंगळवारी निम्मं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वरून फडकं बांधून, आप्पा सोनईच्या स्टँडवर जातात आणि देवळालीकडं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या मांडीवर तो डबा ठेवतात. मांडीवरच. खाली ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या पिशवीला लागू द्यायचा नाही. गावातले लोक आप्पांच्या वेडाला हसतात. मी पूर्वी हसायचो. आता मी सोमवारी संध्याकाळीच गिरणी झाडून ठेवतो.

पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. आप्पांनी वाढणं सोडलं.

लग्नात जायचे, रांगेत बसायचे, मीठ घ्यायचे, पण शेवटच्या फेरीला उठेनात. कुणी जिलबीचं ताट हातात दिलं तर ते पुढच्याकडं सरकवायचे. लोक सवयीनं ताटावर हात आडवे धरायचे आणि समोर कुणीच नसायचं. मला ते बघवेना. मी एकदा मुद्दाम डिवचलं, "काय आप्पा, दमलात का?"

"वाढायचं भ्या वाटतं, दत्तोबा," ते म्हणाले. "समोरचा न्हाई म्हनतो, ते खरंच न्हाई असलं तर? मला कवाच कळलं न्हाई."

पुढच्या भाऊबीजेला आक्का आल्या तेव्हा आप्पा ताटाजवळ फिरकलेच नाहीत. मंगलनं वाढलं. आप्पा दूर खुर्चीवर बसून म्हणाले, "तुला लागंल तेवढंच घे आक्का." आक्कांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि हात धुतले. मुक्कामाला आलेली बहीण संध्याकाळीच परत गेली. जाताना ती मंगलला म्हणाली, "रंगाचा राग हाय का गं माझ्यावर?" मंगलनं मला हे नंतर सांगितलं. आजाराचं निदान झालं, दोघांची पोटं सुधारली, आणि भावा-बहिणीतलं वाढणं बंद पडलं.

गेल्या दिवाळीआधी मात्र मंगलनं मनावर घेतलं. तांदळाच्या पिठाची उकड काढायची आणि तिच्यात पुरण भरून पोळी लाटायची, असा तिचा बेत. तांदूळ मी दळून दिले. गिरणी आधी दोन किलो तांदूळ खाऊन मगच. गव्हाच्या पोळीला चिकटराव धरून ठेवतो, तो इथं नाही, त्यामुळं पोळी लाटताना फाटायची, उलटताना फाटायची, बघितलं तरी फाटायची. पहिल्या पंधरा दिवसांच्या पोळ्या गाईनं खाल्ल्या. मग आप्पा स्वतः चुलीपुढं बसायला लागले. "पाट फुटला तर बांध कसा घालायचा हे मला कळतं, पोरी. सरक," असं म्हणून ते ओल्या बोटांनी पोळीच्या भेगा सांधत. भाऊबीजेपर्यंत पाचातल्या तीन पोळ्या तव्यावरून धड उतरायला लागल्या.

भाऊबीजेला मी तिथं होतो. सकाळी ताजं पीठ द्यायला गेलो आणि मंगलनं जेवायला थांबवून घेतलं. आक्का आल्या होत्या. दोन वर्षांत त्या ओळखू येत नव्हत्या इतक्या सुधारल्या होत्या. गाल भरले होते, उंबरा ओलांडताना भिंतीला हात लागला नाही. ओवाळून झालं. ताटं मांडली. आप्पा मागच्या वर्षीसारखेच लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले.

मंगलनं आक्कांच्या ताटात एक पोळी वाढली. आक्कांनी तुकडा मोडला, खाल्ला, पुन्हा मोडला.

"ह्यात गहू न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आत्या. तांदूळ हाय. आप्पांनी केल्यात."

आक्कांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा जमिनीकडं बघत म्हणाले, "लागंल तेवढीच खा, आक्का. बळजबरी न्हाई."

आक्कांनी पोळी संपवली. ताट स्वच्छ केलं. मंगल पुढं वाढायला वाकली तर तिला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मला वाटलं, झालं, आता हात धुणार.

आक्कांनी हात धुतला नाही. त्यांनी दोन्ही हात रिकाम्या ताटावर आडवे धरले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "न्हाई न्हाई, पुरे! आता लई झालं. अजाबात वाढू नगं!"

समोर कुणीही वाढत नव्हतं. मंगल पळी हातात धरून उभी राहिली. मी घास हातात धरून बसलो.

"वाढू नगं म्हनते ना रंगा!" आक्का पुन्हा म्हणाल्या. हात ताटावर तसेच, आणि डोळे आप्पांवर. डोळ्यांत हसू होतं.

आप्पा खुर्चीवरून उठले. त्यांनी हात धुतले, परातीतली पोळी घेतली आणि आक्कांसमोर येऊन खाली बसले.

"ही मायची," ते म्हणाले आणि पोळी आक्कांच्या हातांवर वाढली. आक्कांनी हात काढले नाहीत. हातांवरूनच त्या पोळी खायला लागल्या.

"ही आबांची."

तीही खाल्ली. मग आप्पा थांबले. परातीत एक पोळी उरली होती, कडेला फाटलेली. ते तिच्याकडं नुसते बघत राहिले.

"तिसरीला आन घालावी लागती," आक्का म्हणाल्या. "त्याबिगर मी खात नसते, ठावं हाय ना?"

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि ती पोळी उचलली.

"माझी आन हाय, आक्का," ते म्हणाले. "एवढी एक."